खुंटी

गोटुलातल्या सभेचं रजिस्टर माझ्याकडं असतं.
पहिल्या पानावर तेंदूच्या पहिल्या हंगामाचा हिशेब
आणि त्यावर सांडलेला कुणाचा तरी चहा.
बोलणं गोंडीत होतं, लिहिणं मराठीत,
मधली वाट माझी.
तिथं पुष्कळ काही गळतं.
मी शक्यतो वेचते.

त्या दिवशी तालुक्याहून फॉर्म आला होता:
पुढील पंचवीस वर्षांत आपले गाव कसे असावे?
उत्तराला चार ओळी.
दलसूकाका हसले, "चार?
आपला नाला तरी मावंल का त्यात?"

मग सगळेच बोलू लागले.
कुणी बांबूचा डेपो म्हटलं, कुणी टॉवर,
निरूपाला हवी होती शाळेच्या वेळेची बस,
जंगुजी म्हणाले, अस्वलाची वाट सोडून ठेवा,
ते काही अर्ज द्यायला येणार नाही.
कुणी रेल्याच्या गाण्यांचं काढलं:
पाकलोबाईला बावीस येतात,
नातीला दोन,
मोबाईलला एकही नाही.

रैनूबाई उसेंडी, अध्यक्ष,
जिच्या सहीतला उकार अजून उलटा पडतो,
जिनं मोहफुलाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर
दुकानातलं पाच किलोचं वजन ठेवून
काट्याच्या तोंडून साडेतीन वदवून घेतले होते,
ती गप्प होती. वर पाहत होती.
आढ्याजवळ ढोल टांगलेला.

"ते खुंटी," ती म्हणाली,
"कोनाच्या हाताच्या मापानं ठोकली?"

एक कोंबडी आत आली, सभेतून चालत गेली.
कुणी हाकललं नाही.

"उंच गड्याच्या. माहा हात पोचत नाही,
लेकराइचा पोचत नाही.
या सुकेशनीचा पोचते,
पन तिले कोनी म्हनलंच नाही, काढ म्हनून."

माझं पेन थांबलं.
गावात आमची दोनच घरं, टोल्याच्या टोकाला,
दारं निळ्या रंगाची.
माझ्या बापाचा बाप, सभा भरली की
बाहेर चिंचेखाली बसायचा,
ऐकायचा, उठून जायचा.
तेव्हा रजिस्टर नव्हतं,
म्हणून हे कुठं लिहिलेलं नाही.

जंगुजी खाकरले. "ढोल देवाचा आहे, बाई."
"होय न. मंग देवाले का
गड्याइचंच वाजवनं आयकू येते?"

तासभर गेला.
कोण कुणावर चिडलं ते मी लिहिलेलं नाही.
शेवटी जंगुजीच उठले, म्हणाले, कुऱ्हाड आना.

जुनी खुंटी येनाची, निघताना किरकिरली.
भोक राहिलं. कुणी म्हटलं, माती भरा.
"राहू द्या," रैनूबाई म्हणाली, "दिसू द्या."
मग निरूपाच्या मैनीला भिंतीला टेकवून उभं केलं,
हात वर करायला लावला, कोळशानं रेघ ओढली.
पोरीनं टाचा उचलल्या.
सगळ्यांनी पाहिलं.
रेघ दोन बोटं वर गेली.

ठराव क्रमांक सात. विषय: खुंटी.
सूचक: रैनूबाई उसेंडी.
अनुमोदक? मी विचारलं.
"तुह्या आज्याचं नाव लिव."
ते वारले, मी म्हटलं.
"चिचेखाली बसून त्यानं बी आयकलंच न सारं.
लिव."

मी लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट.
फॉर्मच्या चार ओळींतही तेच लिहिलं, छोट्या अक्षरात.

परवा तालुक्याहून परत आलाय.
लाल शाईत शेरा:
अनुमोदक हयात नाही. खुलासा करावा.

तेव्हापासून खुलासा लिहायला बसलेय,
इथं, गोटुलात, भिंतीला पाठ लावून.
मैनी ढोल बडवतेय.
ठेका अजून धरत नाही, कान किटतात,
आणि माझी ओळ दर वेळी
'कारण की' पाशी येऊन
तिचं ऐकत बसते.